दिल्लीची सही आणि सुरजागडचा डोंगर

आदिवासींच्या कल्याणासाठी जगातली सरकारं एकत्र बसतात, ठराव करतात, टाळ्या पिटतात. पिटू देत. मी फक्त तारखा मांडतो.

२९ सप्टेंबर १९५८. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आदल्या साली केलेला करार क्रमांक १०७ भारत सरकारने त्या दिवशी मान्य केला. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर राहत आले, तिच्यावरची त्यांची मालकी, एकट्याची असो की साऱ्यांची मिळून, मान्य करा, असं त्यात लिहिलंय. राजीखुशीशिवाय त्यांना हलवू नका, हेही लिहिलंय. पण लगेच पळवाट: देशाची सुरक्षा, देशाचा आर्थिक विकास अशी कारणं असली तर हलवता येतं. या भोकातून कुठलंही धरण, कुठलीही खाण आरामात जाते. वर सूर असा, की हे लोक मागे पडलेले, हळूहळू आपल्यात मुरवून घ्या. दोस्तांनो, ओळखीचा वाटतोय ना सूर? हेच सुधारक आपल्याही वस्तीत येऊन गेलेत.

१९८९ मध्ये त्याच संघटनेने तो सूर टाकला आणि करार क्रमांक १६९ आणला. आदिवासींना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही ठरवायचं नाही, हा त्याचा कणा. नेपाळने तो २००७ मध्ये मान्य केला. दिल्लीने अजून नाही. म्हणजे आपण आजही जुन्या १०७ ला बांधलेले, आणि तोही पाळत नाही.

आता २००७ साल नीट बघा. सप्टेंबरात युनोमध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला. १४४ देश बाजूने, त्यात भारत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड विरोधात. लुटारूंनी निदान तोंड तरी लपवलं नाही. आपल्या सरकारने हात वर केला, पण भूमिका अशी, की स्वातंत्र्यानंतर भारतातले सगळेच मूळनिवासी! मग माडियाही मूळनिवासी आणि त्याचं जंगल लिहून घेणारा शेठही. सगळेच झाले की हक्क मागणारा उरतो कोण? २००१ मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्धच्या परिषदेत जातीचा प्रश्न निघाला, तेव्हा याच दिल्लीने सांगितलं, जात म्हणजे वंश नव्हे. आपण गेलो तर ‘विषय वेगळा’, ते गेले तर ‘सगळेच तसे’.

आणि त्याच २००७ मध्ये एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा लोखंडाचा डोंगर, ३४८ हेक्टर, लॉइड्स मेटल्सला खाणपट्ट्याने दिला गेला. त्या डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे. २०२२ मध्ये खाण वाढवायची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या गावी. डोंगराखालच्या माणसाने मत द्यायला शंभरावर किलोमीटर जायचं! २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन खणायची परवानगी मिळाली. त्याच साली तोडगट्ट्याला माणसं महिनोन्‌महिने धरणं धरून बसली होती. नोव्हेंबरात पोलिसांनी उठवली.

सरकारांना एकमेकांशी जमत नाही असं मुळीच नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाने गोदावरीवर करार केला आणि २०१९ मध्ये मेडीगड्डा उभं! पाणी तेलंगणाला, बुडालेली शेतं सिरोंचाला. २०२३ मध्ये त्याचे खांबच खचले, ही गोष्ट वेगळी.

हे ‘त्यांचं’ म्हणून सोडू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलात राहणाऱ्या बिगरआदिवासीला, म्हणजे आपल्या माणसालाही, तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. १९३० चा! ज्याच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडे कागद मागतात साले.

धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाने काय केलं? गावाने अभ्यासगट चालवून कायदा स्वतः वाचला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क घेतला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. युनोतून कुणी आलं नव्हतं.

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात दीक्षा दिली, म्हणून आपण दरवर्षी तिथे जमतो. यंदा येताना करार १०७ चा मराठी तर्जुमा छापून आणा, पळवाटेसकट. गोंडीतला आणि माडियातला एटापल्लीची पोरं करतील. मग एकेक ग्रामसभा घेऊ आणि दिल्लीला तिचीच सही दाखवू.