तिच्या मापाचं पिस्तूल

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातल्या शूटिंग रेंजबाहेर मुलांची वाट बघत बसलेल्या आई-बापांच्या गप्पा कधी ऐकल्यात? मी गेली तीन वर्षं ऐकते आहे. माझी भाची चिंचवडहून तिथे सरावाला जाते आणि तिला सोडायला ताईला जमलं नाही की मावशी हजर! एअर पिस्तूलचं वय असतं तोवर या गप्पा साध्या असतात, डबा, परीक्षा, कोच काय म्हणाले वगैरे. पण मूल दहा मीटरवरून पंचवीस मीटरला, म्हणजे पॉइंट टू टूवर गेलं, की सूर बदलतो. आता खरं पिस्तूल घ्यायचं. नवं घ्यायचं की कुणाचं वापरलेलं?

आणि इथे मला एक गंमत दिसली. गंमत कसली, राग आला म्हणा. मुलाचे वडील म्हणतात, ‘घ्यायचं तर एकदाच, नवंच घेऊ.’ मुलीचे वडील म्हणतात, ‘सध्या जुनं बघू. पुढे लग्न झाल्यावर कितपत चालू राहतंय कुणास ठाऊक!’ पिस्तूल तेच, खेळ तोच, खिसाही साधारण तेवढाच. फक्त हिशेबात मुलीच्या खात्यावर आधीच घसारा लावलेला.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पहिलं पॉइंट टू टू पिस्तूल जुनंच घ्यावं. मुलीनंही आणि मुलानंही. पण ते वर सांगितलेल्या कारणासाठी मुळीच नाही. कारणं वेगळी आहेत आणि ती समजून घेण्यासाठी आधी ही वस्तू काय आहे ते बघायला हवं.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात पिस्तूल म्हटलं की पेपरातली गावठी कट्ट्याची बातमीच डोळ्यांसमोर येते. नाहीतर मग स्त्रियांच्या सुरक्षेची. २०१४ साली सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून काढलं होतं, आणि ते दागिन्यांसारख्या डबीत घालून देत होते. (दागिन्यांची डबी! बायकांसाठी म्हटलं की कुणाला तरी हे सुचतंच.) खेळाच्या पिस्तुलाचा यातल्या कशाशीच संबंध नाही. त्यानं फक्त कागदाला भोक पाडायचं असतं, तेही पुन्हा पुन्हा त्याच जागी. ते पर्समध्ये मावत नाही. पंचवीस मीटरच्या खेळात पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम चालतं. ट्रिगरला मात्र किमान १००० ग्रॅमचा ताण हवाच, म्हणजे किलोभर साखरेच्या पिशवीचा भार एका बोटानं, बाकी हात न हलवता ओढायचा. स्पर्धेआधी पंच ट्रिगरला खरोखरच वजन टांगून बघतात. मुलींच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश नेम धरून, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या तीस मात्र झटपट, तीन सेकंदच संधी, त्यात हात खालून वर आणायचा आणि एक गोळी मारायची. मग सात सेकंद थांबा, पुन्हा तेच.

‘रिमफायर’ म्हणजे ज्या काडतुसाचा स्फोटक मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो ते. पिस्तुलातली पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. या काडतुसाचा दाब कमी, गोळी मऊ शिशाची, त्यामुळे नळीची झीज फार सावकाश होते. चांगल्या कंपनीच्या पिस्तुलाची नळी हजारो गोळ्यांनंतरही ठणठणीत असते. माझ्या मताचं पहिलं कारण हे. मोटार शोरूमच्या बाहेर आली की उतरते तसं इथे होत नाही. पंचवीस मीटरवरच्या सावकाश फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. नीट राखलेलं जुनं पिस्तूल त्याहून निम्म्या जागेत सगळ्या गोळ्या घालू शकतं. नवशिक्या मुलीची गोळी आठात गेली, तर ती हातामुळे गेलेली असते, पिस्तुलाच्या वयामुळे नव्हे.

बरं, नव्या वस्तूचीही खात्री कुठे असते? २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तूलमध्ये ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक, देखभालीला माणसं हाताशी, तरीही. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

दुसरं कारण कायद्याचं. ऑलिम्पिक दर्जाची पिस्तुलं आजही बहुतेक बाहेरूनच येतात. वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ जर्मनीची, पार्दिनी इटलीचं, मोरिनी स्वित्झर्लंडचं, स्टायर ऑस्ट्रियाचं. परदेशी शस्त्रांची आयात आपल्याकडे सामान्य माणसाला बंद आहे. ती सवलत राष्ट्रीय रायफल संघटनेकडे नोंद असलेल्या, ठरावीक गुणांची पातळी गाठलेल्या नेमबाजांना मिळते. म्हणजे नवं पिस्तूल आणायला आधी गुण हवेत, आणि गुणांसाठी आधी पिस्तूल हवं! क्लबच्या पिस्तुलावर, रांगेत उभं राहून, आपली पाळी येईल तेव्हा सराव करून काही मुली ती पातळी गाठतातही. पण बाकीच्यांना ही कोंडी फोडायचा रस्ता म्हणजे एखाद्या थांबलेल्या किंवा पुढचं मॉडेल घेतलेल्या नेमबाजाचं पिस्तूल. त्यातही सवलतीत आणलेल्या शस्त्राच्या विक्रीवर अटी असतात, तेव्हा कागद बघितल्याशिवाय विसार देऊ नये.

आता जुनं घ्यायचं तर पारखायचं कसं? इथे आपल्या भागातल्या घरांना शिकवायची गरजच पडू नये. भोसरीच्या एमआयडीसीत कितीतरी छोटी वर्कशॉप जुन्या लेथवर उभी राहिली. माझ्या मेहुण्यांचंही त्यातलंच. जुनी लेथ बघायला गेले की ते आधी रंगाकडे बघतच नाहीत. ताजा रंग दिसला की उलट संशय घेतात. चकजवळ बेड किती झिजलाय तिथे बोट फिरवतात, हँडल उलटसुलट फिरवून ‘प्ले’ किती आहे ते बघतात, आणि मशीन चालवून एक जॉब काढून बघितल्याशिवाय पैशाचं बोलत नाहीत.

पिस्तुलाचंही अगदी हेच. वरची झिलई गेली असेल तर जाऊ द्या. नळीतून उजेडाकडे बघा, आतल्या आट्या स्वच्छ दिसतात का. चेंबरच्या तोंडाशी, जिथे काडतुसाची कड टेकते, तिथे पिनच्या माराचा खड्डा पडलाय का ते भिंगानं बघा. बऱ्याच जुन्या रिमफायर पिस्तुलांत गोळी न घालता ट्रिगर ओढत राहिलं की पिन थेट त्या कडेवर आपटते, आणि आधीच्या मालकानं घरी बसून असा ‘सराव’ केला असेल तर काडतूस पुढे कधी पेटतं, कधी अडकतं. मॅगझिनचे ओठ वाकलेत का, स्प्रिंगा कधी बदलल्या, सुटे भाग आज मिळतात का हे विचारा. बंद पडलेलं मॉडेल स्वस्तात मिळतं ते का, हे पिन तुटल्यावर कळतं. आणि शेवटी क्लबमध्ये, कोचसमोर, टेकू देऊन आणि ज्या काडतुसांनी ती पुढे खेळणार तीच घालून पाच-पाचच्या काही फेऱ्या मारून बघा. हे करू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून परत या.

माझी भाची चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर येणाऱ्या मालाची मापं घेणं, बसत नसेल तो परत पाठवणं, हीच तिची नोकरी. हजारो रुपयांचा माल नाकारायची सही तिची चालते, पण घरी पिस्तुलाचं बोलणं सुरू झालं तेव्हा सुरुवातीला सगळी चर्चा वडील, काका आणि काकांचा एक मित्र यांच्यात चालली होती. वस्तू मुलीच्या हातातली, आणि ती चहा घेऊन आत-बाहेर!

हातातली म्हणते आहे ते अगदी शब्दशः. या पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या आकाराची कोरलेली असते, तळव्याच्या खळग्यापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत. जुना मालक उंचापुरा असेल तर ग्रिप त्याच्या पंजाची. मुलीच्या छोट्या हातात ती सैल बसते, बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतं, मग दर गोळीला नळी किंचित बाजूला सरकते. मुलीला वाटतं आपलंच चुकतंय. कोच ओरडतो, घरचे म्हणतात ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ आणि वर्षभरात खेळ सुटतो. मोठ्या भावाचा गणवेश धाकटीला कंबरेत टाके घालून चालतो, ग्रिपचं तसं नाही. जुनं पिस्तूल घेताना तिच्या मापाची ग्रिप वेगळी घ्यायची किंवा असलेली कानशीनं घासून, लाकडाची पुट्टी भरून बसवून घ्यायची, हा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत धरायला हवा. आणि पिस्तूल विकत घेण्याआधी ते तिनं, फक्त तिनं, बराच वेळ हात लांब करून धरून बघायला हवं. चौदाशे ग्रॅम पहिल्या मिनिटाला काहीच वाटत नाहीत. राही सरनोबतसारख्या खेळाडूलाही कोपराच्या दुखापतीनं बराच काळ सतावलं होतं.

राहीचं नाव आलंच आहे तर सांगते. कोल्हापूरची ही मुलगी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात पंचवीस मीटरचं सुवर्ण जिंकली, आणि २०१८ च्या एशियाडमध्ये नेमबाजीत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. त्या अंतिम सामन्यात बरोबरी झाली म्हणून जादा फेरी, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा फेरी. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिच्याच गावच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं ते तिशीच्या उंबरठ्यावर. म्हणजे ‘आता लग्नानंतर कसलं शूटिंग’ असं आपण ज्या वयात म्हणायला लागतो, नेमका तेव्हा हा खेळ हाताला यायला लागतो. यात पळायचं नसतं, उडी मारायची नसते. श्वास आणि डोकं शांत ठेवायचं असतं, आणि ते वयानुसार जमत जातं. मुलीच्या पिस्तुलावर चार-पाच वर्षांचाच हिशेब मांडणाऱ्यांनी ही वयं एकदा बघावीत.

खर्चाचं म्हणाल तर पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतुसं मात्र दर आठवड्याला. नव्या आणि जुन्यातला फरक सहज लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि बहुतेक घरांत तो वाचला की मोडायची राहिलेली एफडी पुन्हा ‘तिच्या लग्नाची’ होऊन कपाटात जाते. मग नवंकोरं असो की जुनं, पिस्तूल महिन्यातून दोनदा पेटीबाहेर येतं. माझं म्हणणं, वाचलेली रक्कम तिच्याच नावानं वेगळी ठेवावी आणि काडतुसं, ग्रिप, रेंजची फी, स्पर्धेचा प्रवास यावरच खर्च करावी. तेवढं करायचं नसेल, तर स्वस्तात मिळालं याचा आनंद कुणासाठी?

राहिला परवाना. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही, पॉइंट टू टूला लागतोच. सर्वसाधारण परवान्यासाठी एकवीस वर्षं पूर्ण हवीत. त्याखालच्या मुलांना देखरेखीखाली सरावासाठी वेगळी तरतूद आहे. २०१८ साली आपलं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, तेव्हापासून चाकणकरांनाही अर्ज इकडेच करायचा. खासगी व्यवहारात विकणाऱ्यानं विक्रीचा इरादा लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, तेव्हा ‘परवा स्पर्धा आहे, आजच घेऊन टाकू’ हे जुन्या पिस्तुलात चालत नाही. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं जमा करायला सांगतात. त्यातून नेमबाज खेळाडूंना सूट मिळू शकते, पण त्यासाठी संघटनेचे कागद हाताशी हवेत.

काही घरांत मी ऐकलं, ‘परवाना वडिलांच्या नावानं काढू, मुलीला कशाला पोलिसांत हेलपाटे?’ तसं करू नका. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. वडिलांच्या परवान्यावरचं पिस्तूल मुलगी एकटी पिशवीत घालून नाशिक फाट्यावरून बालेवाडीला नेऊ शकत नाही. मग प्रत्येक सरावाला वडिलांची सुट्टी बघा, मूड बघा. हेलपाटे तिला घालू द्या, हवं तर सोबत जा. माझी ताई दोनदा गेली. खिडकीवरच्या माणसानं दोन्ही वेळा अर्जदार कोण असं ताईलाच विचारलं, आणि दोन्ही वेळा भाचीनं हात पुढे करून फाइल घेतली.

पिस्तूल घरी आल्यावर ते कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली परवाना ज्याच्या नावावर त्याच्याकडे. ताईच्या घरी आता गोदरेजच्या कपाटातल्या एका खणाची किल्ली भाचीकडे असते. ताईच्या सासूबाई रोज एकदा विचारतात, आत नक्की काय ठेवलंय गं?