फर्रुखनगरचा शीशमहाल आणि फासावर गेलेला नवाब

गुरुग्राम शहरापासून वीसेक किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात, फर्रुखनगर हे जुने तटबंदीचे गाव आहे. बादशहा फर्रुखसियरच्या नावाने वसलेल्या या गावात फौजदारखानाने १७३३ च्या सुमारास शीशमहाल बांधला. लाल दगडाच्या या दुमजली वास्तूच्या भिंतीत आरशांचे जडावकाम आहे. तिच्या जतनाचे काम झाल्यापासून सुटीच्या दिवशी शहरातून लोक येतात, कमानीखाली छायाचित्रे काढतात आणि परततात. या घराण्याचा शेवटचा नवाब अहमद अली खान दिल्लीत फासावर का गेला, हे मात्र दगडावरून कळत नाही.

त्याची सुरुवात थेट मराठी इतिहासात आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. यमुनेच्या पश्चिमेचा सगळा मुलूख स्वतः सांभाळण्याची कंपनीला घाई नव्हती. म्हणून झज्जरसारख्या जहागिरी तिने आपल्या मदतगारांना वाटल्या. फर्रुखनगरची नवाबी आधीची होती. ती कायम ठेवण्यात आली. दिल्लीभोवती असे लहान संस्थानिकांचे कडे तयार झाले. त्यांचा नावाचा धनी लाल किल्ल्यात होता, खरा धनी कंपनी.

ही दुहेरी व्यवस्था ११ मे १८५७ पर्यंत निभावली. त्या दिवशी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि नावाचा बादशहा एकाएकी खरा झाला. बंडाची झळ लगेच गुडगावला पोहोचली व कलेक्टर विल्यम फोर्डला जिल्हा सोडावा लागला. मेवातचे मेव उठले, रेवाडीत राव तुलाराम उभे राहिले. मराठी वाचकाला सत्तावन्न म्हटले की झाशी, कानपूर, बिठूर आठवते. हा पट्टा सहसा आठवत नाही.

संस्थानिकांपुढचा पेच सोपा नव्हता. लाल किल्ल्यातून पैसा, घोडे, माणसे पाठवण्याचे हुकूम येत होते आणि शहराबाहेरच्या टेकडीवर इंग्रजांची छावणी टिकून होती. बादशहाला नकार द्यावा तर बंडवाल्यांचा रोष. हुकूम मानावा तर इंग्रज परतल्यावर मान गमवायची. बल्लभगडच्या राजा नाहरसिंहांनी दोन्हीकडे पत्रव्यवहार ठेवला होता. सप्टेंबरात दिल्ली पडली आणि दरबारातले कागद इंग्रजांच्या हाती लागले. पुढे मिलिटरी कमिशनसमोर, म्हणजे लष्करी न्यायमंडळासमोर, असेच कागद पुरावा ठरले. झज्जरचा नवाब डिसेंबरात फासावर गेला, नाहरसिंह ९ जानेवारी १८५८ रोजी, आणि त्याच महिन्यात अहमद अली खान. तिघांचीही संस्थाने खालसा झाली.

गावाच्या उतरणीला आणखी एक कारण आहे. इथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ पिकवले जाई आणि दूरवर विकले जाई. १८७३ मध्ये इथवर रेल्वेचा फाटा आला. पण सांभर सरोवर तोवर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. रेल्वेने येणाऱ्या त्या मिठापुढे स्थानिक मिठाचा टिकाव लागला नाही.

जतन करणाऱ्यांनाही हे मीठ विसरता येत नाही. खारी ओल केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप वर ओढली जाऊन, भिंतीत चढते. जुन्या बांधकामात चुना असतो. तो ओल बाहेर सोडतो आणि क्षार शक्यतो गिलाव्यावरच फुलतात. तो खराब झाला की बदलता येतो. वरून सिमेंट लिंपले तर ओल अडकते, क्षारांचे स्फटिक विटा-दगडांच्या आत वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून अशा जमिनीत चकचकीत दुरुस्तीपेक्षा चुन्याची संथ, दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागणारी दुरुस्ती बरी.

इतके समजल्यावर मत मांडता येते. या नवाबाला निःशंक क्रांतिकारक म्हणून रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही, आणि केवळ दुर्दैवी जहागीरदार म्हणून सोडून देणेही. पेचात सापडलेला माणूस म्हणून तो उलट अधिक समजतो. पण तो पेच पाहणाऱ्याला दाखवायला हवा, आणि आपली जतनाची कल्पना बहुधा भिंतींपाशीच थांबते. बल्लभगडचा महाल दुरुस्त झाला. तिथे हरियाणा पर्यटन खात्याचे हॉटेल आहे. महाल वापरात राहिला हे चांगलेच, पण जेवायला बसलेल्याला राजाच्या खटल्याची माहिती मिळावी, ही अपेक्षा जास्त नाही.

त्यासाठी नवे संशोधनही फारसे लागणार नाही. वेढ्याच्या काळातले हजारो फारसी-उर्दू कागद ‘म्युटिनी पेपर्स’ या नावाने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांची छापील यादी शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे. त्यातल्या निवडक हुकुमांच्या आणि अर्जांच्या प्रती, हिंदी भाषांतरासह, शीशमहालाच्या एका दालनात लावता येतील. सोबत १८०३ नंतरच्या जहागिरींचा नकाशा हवा. त्या नकाशावर शिंद्यांचे नाव आले, तर महाराष्ट्रातून गुरुग्रामला नोकरीसाठी गेलेल्यांनाही तिथे थोडे अधिक थांबावेसे वाटेल.