शिक्का कायद्याने पुसला. मनातून कधी पुसणार?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला; परंतु याच देशातील लक्षावधी बांधवांच्या वाट्याला स्वातंत्र्य आले ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. इंग्रजांनी केलेला ‘गुन्हेगार जमाती कायदा’ त्या दिवशी रद्द झाला आणि जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्या घटनेला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही गावाबाहेरच्या माळावर पडलेल्या पारध्यांच्या पालांपाशी पोलिसांची गाडी थांबली, की क्षणार्धात पाले रिकामी होतात. ज्याने काही केले आहे तोही पळतो आणि ज्याने काहीच केलेले नाही तोही पळतो. पोलीस म्हणतात, निरपराध असता तर पळाला कशाला असता? पालावरचा माणूस म्हणतो, थांबलो असतो तर निरपराध राहिलो असतो का? पोलीस आणि समाज यांच्यातील अविश्वासाचे इतके नेमके चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हा अविश्वास केवळ भावनेचा प्रश्न नाही. त्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने साऱ्या देशाला दाखवून दिले आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक परिसरातील एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जणांना ठार मारण्यात आले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा इतका अमानुष होता की, समाजात संतापाची लाट उसळणे स्वाभाविकच होते. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. पुढे हे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेशही राज्य शासनाला दिला.

या निकालातील दोन बाबी प्रत्येक सुजाण नागरिकाने मुळातून समजून घ्याव्यात अशा आहेत. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळ्याच इसमांना ओळखले होते. तो धागा तपासयंत्रणेने धरलाच नाही. आणि दुसरी बाब म्हणजे, आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळाच्या थरातील गरीब मजूर होते. त्यामुळे त्यांना खोटेच गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्टपणे नमूद केले. सहा माणसांची सोळा वर्षे गेली. त्यांतील एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पण हानी केवळ या सहा जणांची झाली का? ज्या घरात पाच प्रेते पडली, त्या घराला तरी न्याय मिळाला का? खरे मारेकरी मोकळे राहिले. चुकीच्या माणसाला पकडणे याचा अर्थच खऱ्या गुन्हेगाराला सोडून देणे असा होतो, हे साधे सत्य आपण लक्षात घेत नाही.

संशयाची ही परंपरा आली कोठून? १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजांनी १८६१ साली पोलीस कायदा केला. प्रजेची सेवा करणारे दल उभारणे हा त्याचा हेतू नव्हताच. प्रजेवर जरब बसवणारे दल त्यांना हवे होते. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. हिंदू समाजात व्यवसाय जातीने ठरतो, तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा वंशपरंपरागत व्यवसायच असला पाहिजे, असे तर्कट त्यासाठी लढवले गेले. १९११ साली या कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलखात वाढवण्यात आली. मग नोंदवह्या आल्या, बोटांचे ठसे आले, ठरावीक वेळी द्यावयाची हजेरी आली आणि परवानगीवाचून गावाची सीमा ओलांडणे हाच गुन्हा ठरला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या भागाला सोलापूरकर आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतात.

ज्यांच्यावर हा शिक्का मारला गेला ते कोण होते? गावाची रखवाली परंपरेने ज्यांच्याकडे होती आणि ज्यांच्यातील उमाजी नाईकांना इंग्रजांविरुद्ध बंड पुकारल्याबद्दल फासावर जावे लागले, तो रामोशी समाज त्यांत होता. रानावनात फासे लावून उदरनिर्वाह करणारा पारधी त्यांत होता. काल ज्याच्या भरवशावर गाव झोपत होते, त्याच्याच भीतीने आज गाव जागू लागले. राज्यकर्त्यांनी दृष्टीच बदलून टाकली, आणि दुर्दैव असे की ती परकी दृष्टी आपण आपलीच मानली. इंग्रज गेला, त्याची वही मात्र ठाण्यात राहिली.

पारध्याच्या बाबतीत तर नशिबाने दुहेरी घाव घातला. १९५२ साली शिक्का निघाला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि जमातीच्या नावाऐवजी ‘सराईत’ हा शब्द वापरून जुनीच पाळत सुरू राहिली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते. परंतु ज्याचा पिढीजात धंदा त्यामुळे बुडाला, त्याला ना जमीन मिळाली, ना रोजगार. हरणाला कायद्याचे संरक्षण मिळाले. हरणामागे धावणारा माणूस मात्र उघड्यावरच राहिला.

आज प्रत्यक्षात काय घडते? एखाद्या गावात दरोडा पडतो. वृत्तपत्रांत मथळे झळकतात, पुढारी निवेदने देतात, गावकरी रास्ता रोको करतात. चार दिवसांत आरोपी हजर करा, मुद्देमाल काढा, असा दबाव वरून येतो. तपासाला माणसे नाहीत, साधने अपुरी, वेळ नाही. मग सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जवळचे पाल. तेथील माणसाला पक्का पत्ता नसतो, जामीन राहणारा कोणी नसतो, वकील नसतो. पालावर धाड पडते. पुरुष सापडले नाहीत तर घरातल्यांना ठाण्यात बसवून ठेवले जाते. उलगडा न झालेले जुने गुन्हे एकाच्याच माथी मारले जातात. सुटून आला की पुढच्या गुन्ह्यात त्याचेच नाव प्रथम पुढे येते, कारण तो आता ‘रेकॉर्डवरचा’ झालेला असतो. त्याच्या मुलाने हे सारे पाहिलेले असते. त्या मुलाने मोठेपणी पोलिसांवर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पालावरच्या स्त्रीवर अत्याचार झाला, तर ती ठाण्याची पायरी चढत नाही. जातपंचायतीपुढे उभी राहते. पालावरच्या माणसाला खऱ्या टोळीचा ठावठिकाणा ठाऊक असला, तरी तो सांगत नाही. कारण सांगणाराच आत जाईल, ही त्याची खात्री असते. पोलिसांचे खरे बळ लाठीत नसून लोकांनी आपणहून दिलेल्या माहितीत असते. तो झराच आटला, तर गावाचे रक्षण व्हायचे कसे?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या जमातींत गुन्हा करणारे कोणीच नाहीत, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या शेतकऱ्याच्या घरावर रात्री दरोडा पडला त्याची भीती खोटी नाही, आणि गुन्हेगार कोणत्याही जातीचा असो, त्याला कठोर शासन झालेच पाहिजे. प्रश्न आहे तो गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी जन्माचा दाखला पाहण्याचा. त्याचप्रमाणे साऱ्या पोलीस दलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही अन्यायाचे होईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात केवळ लाठी असताना कसाबची बंदूक पोटाशी कवटाळणारे तुकाराम ओंबळे याच दलातले होते. बारा-बारा तास बंदोबस्तात उभा राहणारा, सणासुदीला घरी नसणारा शिपाई हा आपल्यातलाच एक आहे. आणि त्याच्यावर तरी व्यवस्थेचा विश्वास आहे का? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. कबुली बळाने वदवली जाईल, ही भीती त्यामागे होती आणि ती अद्याप सरलेली नाही. ही भीती दूर करायची, तर तपासाची पद्धतच बदलावी लागेल.

मार्ग नाही असे नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांबाबत आदेश दिले. तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे त्यांत सांगितले होते. पक्ष कोणताही असो, सत्तेवर बसलेल्यांना पोलीस आपल्या मुठीत हवे असतात. त्यामुळे या आदेशांची वाटचाल रखडतच झाली. नव्या फौजदारी कायद्यांनी झडतीचे चित्रीकरण बंधनकारक केले आणि तपासाची प्रगती पीडिताला नव्वद दिवसांत कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली, हे स्वागतार्ह आहे. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मागास समाजातील निरपराधांची नावे ठाण्याच्या नोंदवहीत यांत्रिकपणे चढवू नयेत, असे बजावले. आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी पद्धतीने अटक होणार नाही याची दक्षता घेण्यास पोलिसांना सांगितले. न्यायालयाने सांगितले, आता हे आदेश ठाण्यातल्या वहीपर्यंत पोहोचले का, हे समाजाने विचारले पाहिजे.

तथापि, केवळ आदेशांनी विश्वास निर्माण होत नाही. तो शांततेच्या काळात एकत्र बसण्याने निर्माण होतो. १९८४ साली दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ साली, शेजारची मुंबई जळत असताना, शांत राहिली. पोलीस उपायुक्त म्हणून तेथे काम केलेले सुरेश खोपडे यांनी त्याआधीच वस्त्यावस्त्यांत समित्या उभारल्या होत्या आणि साध्या शिपायाला लोकांसोबत बसवले होते. हे भिवंडीत घडू शकते, तर पालावर का घडू नये? २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या नेमल्या गेल्या. त्या समित्यांत पालावरच्या माणसासाठी एखादी सतरंजी अंथरली गेली होती का, हे प्रत्येक गावाने स्वतःलाच विचारावे.

ज्यांनी ती अंथरली, त्यांना फळ मिळाले आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानच्या कार्यकर्त्यांनी पालावरच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभे केले. गिरीश प्रभुणे यांच्यासारखे कार्यकर्ते पालांवर जाऊन राहिले, रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत या बांधवांसोबत उभे राहिले. पुढे चिंचवडला गुरुकुलम् उभे राहिले. कार्यकर्ता सोबत बसलेला असतो, तेव्हा ठाणे अंमलदाराची भाषाही बदलते आणि पालावरच्या माणसाच्या पायांतले पळणेही थांबते. विश्वासाचा सेतू बांधायला असा कोणीतरी मध्ये उभा राहावा लागतो.

म्हणूनच हा प्रश्न एकट्या पोलिसांचा नाही. पालावर धाड घालणारा शिपाई बहुधा गावाचीच इच्छा पार पाडत असतो. ‘इथे पारधी नकोत’ असे ठराव आधी गावाच्या मनात होतात, मगच ते पोलिसांच्या काठीतून व्यक्त होतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपल्या मध्यमवर्गीय घरांत ते पुस्तक वाचले गेले, वाखाणले गेले. पण पुस्तकातल्या दुःखाने हळहळणारे आपण, सोसायटीत चोरी झाली की पहिला संशय कोणावर घेतो? समरसता हा व्यासपीठावरचा शब्द राहू द्यायचा नसेल, तर तिची परीक्षा येथेच आहे.

काम मोठे आहे, पण अवघड नाही. आपल्या गावाजवळ, शहराच्या कडेला पाल असेल तर तेथील मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिका, मतदार नोंदणी यांसाठी कार्यकर्त्यांनी पुढाकार घ्यावा. कारण ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे फक्त ठाण्यातली नोंद उरते. वकिलांनी महिन्यातला एक दिवस द्यावा. शिक्षकांनी पालावरच्या मुलाला मागच्या बाकावरून पुढे आणावे. आणि धाड पडल्याचे कळेल त्या रात्री, कोणाची बाजू घेण्यासाठी नव्हे तर कायदा पाळला जातो आहे ना हे पाहण्यासाठी, दोघा-चौघांनी ठाण्यात जाऊन बसावे. प्रामाणिक अधिकाऱ्याला त्याचा राग येणार नाही. उलट आधारच वाटेल. आज पोलिसांची गाडी पाहून रानात धावत सुटणारे पालावरचे मूल उद्या अडचणीच्या वेळी त्याच गाडीकडे धावत येईल, असा दिवस आणणे आपल्या हातात आहे. विमुक्त दिन खऱ्या अर्थाने त्या दिवशी साजरा होईल.