बहिणीची मज्जा

‘मज्जा’ हा शब्द वर्गात उच्चारायची सोय राहिलेली नाही. मागच्या बाकावर लगेच खसखस पिकते. पोरांना त्यात सहल दिसते. जी जरा अभ्यासू, ती ‘मज्जातंतू’ आठवून मेंदूकडे धावतात. आपल्या जुन्या वैद्यांनी सप्तधातूंत मोजली ती मज्जा हाडाच्या पोकळीतली. ज्यांच्या पानात मटणाची नळी पडते, त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. रक्तातल्या पेशी या मगजात जन्मतात, आणि त्यांचे जे बियाणे त्याला आता मूळपेशी म्हणतात. हे बियाणे एका देहातून काढून दुसऱ्यात रुजवणाऱ्या डॉ. रॉबर्ट गुड यांची हकीकत यंदा वाचकांना सांगावी म्हणतो.

गुड यांचा जन्म १९२२ सालचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात क्रॉसबी गावी. ते पाच वर्षांचे असताना वडील कर्करोगाने गेले. विद्यार्थिदशेत पोलिओसारख्या दुखण्याने पाय लुळे पडले. चाकाच्या खुर्चीतून वर्गात जावे लागे. पुढे चालू लागले, पण लंगडत. १९४७ साली डॉक्टरकीची आणि संशोधनाची अशा दोन्ही पदव्या त्यांनी मिळवल्या.

त्यांची विचार करण्याची तऱ्हा मला फार आवडते. आजारी माणूस म्हणजे निसर्गानेच मांडलेला प्रयोग, असे ते मानीत. देहात जे नाही त्यावाचून काय अडते ते पाहावे, म्हणजे ते कशासाठी होते हे कळते. त्यांच्याकडे एक गृहस्थ आले. वारंवार न्यूमोनिया होई, रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये जवळजवळ नाहीत, आणि छातीत थायमस ग्रंथीची गाठ. थायमस ही तेव्हा बिनकामाची समजली जाई. गुड यांनी सशांची ती ग्रंथी काढून पाहिली. काही फरक दिसेना. ससे वाढलेले होते, ग्रंथीचे काम उरकून गेले होते! पुढे नुकत्याच जन्मलेल्या पिलांवर प्रयोग झाला तेव्हा पिलांची प्रतिकारशक्ती ढासळली. त्याच सुमारास, १९६१ साली, लंडनमध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवरून हेच सांगितले. श्रेय कोणाचे किती, हा वाद विद्वानांवर सोपवू.

१९६८ साली गुड यांच्यापुढे पाच महिन्यांचा एक मुलगा आला. त्या घराण्यात दहाहून अधिक मुलगे तान्हेपणीच दगावले होते. दोष आईकडून येतो, पण ती स्वतः धडधाकट असते आणि बळी पडतो मुलगा. अशा बाळाजवळ रोगाशी लढणारे सैन्यच नसते. साधे पडसेही त्याला पुरे. त्या आईने आपल्या नात्यातल्या किती पाळण्यांकडे पाहिले असेल!

उपाय सुचायला सोपा होता: दुसऱ्याची मज्जा द्यावी. पण यापूर्वीचे असे प्रयत्न बहुतेक फसले होते. एरवी देह परक्या पेशी हाकलून देतो. इथे हाकलणारा कोणी नव्हता, तर आलेले पाहुणेच घर मोडायला उठत. म्हणून पेशींची जात जुळणे महत्त्वाचे, आणि सख्ख्या भावंडांत ती पुरती जुळण्याचा संभव चारात एक. या बाळाला चार बहिणी होत्या. त्यांतल्या एकीची बरीच जुळली. तिला भूल देऊन तिची मज्जा काढली आणि बाळाला दिली.

पेशी रुजल्या, पण मग बाळाचे रक्तच तयार होईना. बहिणीचा रक्तगट वेगळा होता. आता काय करावे? गुड यांच्या मंडळींनी त्याच बहिणीची मज्जा पुन्हा दिली. या खेपेला जमले. बाळाचा रक्तगट बदलून बहिणीचा झाला. त्याच्या रक्तपेशी तपासल्या तर त्या मुलीच्या निघत. मुलगा जगला, मोठा झाला. भाऊबीजेला ओवाळणी भावाने घालायची असा आपल्याकडे रिवाज आहे. या भावाने काय घालावी?

कीर्ती आली ती अशी की १९७३ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर गुड झळकले, आणि न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेची सूत्रे हाती आली. दुसऱ्याच वर्षी त्यांचे सहकारी विल्यम समरलिन यांनी पांढऱ्या उंदरांवरचे कातड्याचे ठिगळ चक्क शाईच्या पेनाने काळे रंगवून ते कलम यशस्वी झाल्याचे भासवले. प्रयोगशाळेतल्या एका साहाय्यकाने मद्यार्काने पुसून पाहिले, रंग निघाला! चौकशीत गुड यांच्यावर फसवणुकीचा ठपका आला नाही. पण त्या कामाचा गाजावाजा त्यांनी घाईने होऊ दिला, असे समितीने म्हटले. मला हे म्हणणे रास्त वाटते. त्या कामावर कोणाचा विश्वास बसला असता, तर तो गुड यांच्या नावामुळेच.

मज्जारोपणासाठीचे नोबेल १९९० साली डॉनल थॉमस यांना मिळाले. गुड तेव्हा फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात होते, आणि २००३ साली कर्करोगाने त्यांना नेले तेही त्याच गावी.