अभिजात मराठीच्या वंशावळीतील वाशीम

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात आनंद व्यक्त झाला हे साहजिकच होते. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समिती २०१२ मध्ये नेमली गेली, तेव्हापासून हा प्रश्न दिल्लीच्या दारात उभा होता. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही तोच मान मिळाला. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा निघाली की नाणेघाटाचा शिलालेख, पैठणचे सातवाहन आणि हालाची गाथासप्तशती यांचे स्मरण होते, आणि ते यथार्थ आहे. परंतु या नामावळीत वाशीमचे नाव सहसा येत नाही. वाशीमचे नाव येते ते निराळ्या यादीत. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील जे जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते त्यांपैकी वाशीम हा एक. ‘आकांक्षित’ हा ‘मागास’ या शब्दाचा सौम्य पर्याय आहे, हे जिल्ह्यातील शिक्षकाला आणि कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे त्याला स्वतःचा इतिहास फारसा नसावा अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत बाशिम हा स्वतंत्र जिल्हाच होता. आणि त्याहून सोळाशे वर्षे मागे गेल्यास हे गाव एका राजघराण्याची राजधानी होते. त्याचे तेव्हाचे नाव वत्सगुल्म.

ही गोष्ट निःसंशय सिद्ध झाली ती १९३९ साली, वाशीमला सापडलेल्या एका ताम्रपटामुळे. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्याच्या राज्याची विभागणी झाली. थोरली शाखा नागपूर परिसरातील नंदिवर्धन येथून राज्य करीत होती. सर्वसेन या पुत्राने दुसरी शाखा स्थापन केली, ती वत्सगुल्मची. वाशीमचा ताम्रपट सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा असून तो त्याच्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म येथूनच दिलेला आहे. काळ चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाचा. नांदेडकडील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची ही नोंद. या एका लेखाच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखातील वंशावळ नव्याने लावता आली. ते लेणे वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविले. म्हणजे ज्या अजिंठ्याची कीर्ती जगभर गेली, त्याच्या ऐन बहराच्या काळाचे धागे वाशीमशी जोडलेले आहेत.

परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने या ताम्रपटातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट राजांच्या नावांत नाही. ती त्याच्या भाषेत आहे. राजाची वंशावळ आणि बिरुदे संस्कृतात आहेत. जेथून प्रत्यक्ष व्यवहार सुरू होतो तेथून पुढचा मजकूर प्राकृतात आहे. दान दिलेल्या गावाकडून फुले आणि दूध घेऊ नये, मिठासाठी खोदकाम करू नये, बैल वेठीस धरू नयेत, कातडी व कोळसा मागू नये, अशा सवलतींची यादी त्या भागात येते. वैभवाचे वर्णन संस्कृतात आणि हुकमाचा मतलब प्राकृतात, अशी ही वाटणी होती. तिचा हेतू ताम्रपट सांगत नाही. पण जो मजकूर अंमलदाराने वाचून गावकऱ्याला समजावून द्यायचा, तो लोकांच्या बोलण्याला जवळ असलेल्या भाषेत असावा, हा विचार त्यामागे असणे अशक्य नाही. पुढच्या काळातील वाकाटकांचे ज्ञात ताम्रपट संस्कृतात आहेत. त्यामुळे वाशीमचा हा ताम्रपट एका संधिकालाचा साक्षीदार ठरतो.

कारभारातील हे स्थान प्राकृताला त्या दरबारात केवळ सोयीपुरते मिळाले असेल असे वाटत नाही. शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता, असे अभ्यासक मानतात. सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजातक आणला, या कथेवर त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा उल्लेख केला, कुंतकाने सुकुमार शैलीचे कवी म्हणून सर्वसेनाचे नाव कालिदासाच्या जोडीने घेतले, धारच्या भोजाने त्यातील अवतरणे दिली. वाशीमच्या राजाचे काव्य काश्मीरपर्यंत वाचले जात होते, याहून मोठी पावती कोणती? भाषेच्या इतिहासात गावाचे नावही कोरले गेले. काव्यशास्त्रात ज्या रीतीला वैदर्भी म्हणतात, तिला राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ या आपल्या प्राकृत नाट्यकृतीत ‘वच्छोमी’ म्हटले. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. याच राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक रूपककथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो आणि साहित्यविद्या ही वधू त्याचा पाठलाग करते. दोघांचे लग्न लागते ते विदर्भातील वत्सगुल्म नगरात. दहाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे वाकाटक लयाला जाऊन चारशे वर्षे झाल्यानंतर, कनोजच्या दरबारातील पंडिताला काव्य आणि विद्या यांच्या विवाहासाठी हेच स्थळ योग्य वाटले!

अर्थात येथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. सर्वसेनाची महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आजची मराठी नव्हे. प्राकृतापासून अपभ्रंश आणि अपभ्रंशापासून मराठी असा हा दीर्घ प्रवास आहे. शिवाय काव्यातील प्राकृत ही बेतून घडविलेली साहित्यभाषा होती, बाजारातील बोली जशीच्या तशी नव्हती. अभिजाततेच्या उत्साहात या पायऱ्या पुसल्या जाऊ नयेत. परंतु नेमक्या या पायऱ्या मोजायच्या झाल्या तरी वाशीम जिल्ह्यातच थांबावे लागते. प्राकृताची पायरी वाशीमच्या ताम्रपटात आहे, तर अपभ्रंशाची कारंजा लाड येथे.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून घरोघर परिचित आहे. तेथे शतकानुशतके जैन भट्टारकांची पीठे होती आणि त्यांच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांत हस्तलिखिते जपून ठेवली गेली, हे मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे हिरालाल जैन यांनी या भांडारांचे महत्त्व ओळखले आणि कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत दहाव्या शतकात लिहिणाऱ्या पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली १९३१ साली या मालेतून प्रसिद्ध झाले. त्याचेच ‘णायकुमारचरिउ’ आणि कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ ही काव्ये पाठोपाठ हिरालाल जैन यांनी संपादित केली. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांच्या पूर्वेतिहासाचा अभ्यास ज्या अपभ्रंश साहित्यावाचून पुढे जात नाही, त्यातील काही मोलाचे ग्रंथ वऱ्हाडातील एका व्यापारी गावाने जगाच्या हाती दिले.

याच्या उलट ‘हरिविजया’चे काय झाले? ते काव्य नष्ट झाले. इतरांनी दिलेली अवतरणे आज उरली आहेत. समग्र ग्रंथ उपलब्ध नाही. थोरल्या शाखेतील प्रवरसेनाचे ‘सेतुबंध’ टिकले, कारण त्याच्या प्रती होत राहिल्या. वत्सगुल्मच्या राजाचे काव्य टिकले नाही. राजाची सत्ता, काश्मीरच्या आचार्यांची स्तुती, यांपैकी कशानेही ते वाचले नाही. पुष्पदंत वाचला तो कोणीतरी प्रती केल्या आणि कोणीतरी त्या कपाटात जपल्या म्हणून. भाषेचा मान जाहीरनाम्याने टिकत नाही, तो जतनाच्या कंटाळवाण्या कामाने टिकतो, हा धडा वाशीम जिल्ह्याने स्वतःच्या अनुभवातून दिलेला आहे.

गतवैभवाची अशी विस्मृती ही केवळ वऱ्हाडची व्यथा नाही. इटलीत नेपल्सच्या दक्षिणेस अमाल्फी नावाचे लहानसे गाव आहे. कड्यांवर लटकलेली घरे, लिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा आणि निळा समुद्र यांसाठी जगभरचे प्रवासी तेथे लोटतात; १९९७ साली तो सारा किनारा जागतिक वारशाच्या यादीत गेला. हे गाव एके काळी स्वतंत्र सागरी गणराज्य होते, हे त्या प्रवाशांपैकी कितीजण जाणत असतील? कॉन्स्टँटिनोपलमध्ये अमाल्फीच्या व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि जेरुसलेममध्ये त्यांनी यात्रेकरूंसाठी रुग्णालय उभारले होते. ११३५ व ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने गाव लुटले, १३४३ च्या वादळाने त्याचा खालचा भाग समुद्रात गेला आणि उरले ते निसर्गसौंदर्य. पण अमाल्फीने एक गोष्ट केली. तिच्या सागरी कायद्याची जुनी पोथी व्हिएन्नात होती; ती १९२९ साली इटलीने परत मिळविली आणि आज ती गावाच्या नगरपालिकेच्या संग्रहालयात आहे. तेथील कागद बनविण्याच्या जुन्या कारखान्यांपैकी एकाचेही संग्रहालय झाले. अमाल्फीला समुद्राचे देखणे रूप लाभले आहे. वाशीमला ते नाही. म्हणूनच वाशीमला आपल्या कागदपत्रांची आणि ताम्रपटांची निगा अधिक दक्षतेने राखावी लागेल.

अभिजात दर्जाच्या निर्णयानंतर दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, याच जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही सेवालाल महाराजांची समाधिभूमी, बंजारा समाजाची काशी. एकाच आठवड्यातील या दोन घटनांकडे बहुतेकांनी स्वतंत्र बातम्या म्हणून पाहिले. त्यांचा एकमेकींशी संबंध मात्र फार जवळचा आहे. बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही, घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान नाही, आणि तांड्यावरचे मूल शाळेत प्रथम येते तेव्हा घरची भाषा दाराबाहेर ठेवूनच आत येते. संस्कृतासमोर प्राकृताची स्थिती एके काळी काही प्रमाणात अशीच होती. वत्सगुल्मच्या राजाने तिच्यात काव्य लिहिले, त्याच्या मुलाने तिच्यात राजाज्ञा कोरविली, म्हणून ती ‘प्राकृत’ जनांची असूनही प्रतिष्ठित झाली. जी मराठी आज त्या प्रतिष्ठेचा वारसा सांगते, तिने आपल्या अंगणातील बोलीशी संस्कृताच्या अभिमान्यांसारखे वागावे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे. तिची खरी कसोटी पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवरील शाळांत लागेल. तेथील पहिलीच्या शिक्षकाला गोरबोलीतील दोनशे शब्द आले, तर संग्रहालयाच्या इमारतीइतकेच ते मोलाचे ठरेल.

हीच कसोटी कारभारालाही लागू आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ ने मराठी राज्यकारभाराची भाषा ठरविली; पण कागदावर देवनागरी उमटली की काम संपले, अशी समजूत कचेऱ्यांत रुजलेली दिसते. पीकविम्याचा अर्ज, जमिनीच्या मोजणीची नोटीस, अनुदानाचे परिपत्रक ज्या मराठीत लिहिले जाते, ती समजण्यासाठी शेतकऱ्याला मध्यस्थ लागत असेल, तर ती भाषा राजाची बिरुदे सांगणाऱ्या भागातली झाली, सवलतींच्या यादीतली नव्हे. फुले, दूध, मीठ, बैल या शब्दांत बोलणारी राजाज्ञा सोळाशे वर्षांपूर्वी याच गावातून निघाली होती, ही आठवण जिल्हा कचेरीच्या भिंतीवर लावण्यास योग्य आहे.

करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. ताम्रपटाची अचूक प्रतिकृती, त्याचा पाठ आणि मराठी अनुवाद जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांना पाहता येईल अशा रीतीने मांडणे शक्य आहे. वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथे देवसेन राजाच्या काळातील, शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५८ चा शिलालेख मिळाला. त्यात सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद आहे. गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांची सीमा ज्या जिल्ह्यातून जाते, जेथून पैनगंगेकडे आणि काटेपूर्णेकडे पाणी वाटले जाते आणि उन्हाळ्यात मात्र माणसांनाच ते पुरत नाही, तेथील विद्यार्थ्यांची सहल त्या जागी गेली, तर इतिहास आणि भूगोल हे दोन्ही तास एकदम होतील. कारंज्याच्या हस्तलिखितांची छायाचित्रे, मालकांचा मान व हक्क राखून, विद्यापीठांच्या साहाय्याने घेता येतील. महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना प्राकृत आणि अपभ्रंश यांचा प्राथमिक परिचय करून देता येईल. ज्या दर्जाचा उत्सव होतो, त्याचा आधार असलेली भाषा वाचणारे उद्या जिल्ह्यात कोणी नसेल, तर तो उत्सव निराधार ठरेल.

इतिहासाच्या अभिमानाने मानवविकासाचा निर्देशांक वाढत नाही, हे खरे. वत्सगुल्मचे नाव घेतल्याने सोयाबीनला भाव मिळत नाही की विहिरीला पाणी लागत नाही. परंतु ज्या मुलाला आपले गाव केवळ मागासांच्या यादीत दिसते, त्याची नजर लवकरात लवकर तेथून बाहेर पडण्याकडे लागते. काव्यपुरुषाने साहित्यविद्येशी लग्न लावण्यासाठी जे गाव निवडले, तेथील शाळेत बसल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्याला निदान हे कळते की मागासपण ही त्या मातीची प्रकृती नव्हे. ती अलीकडच्या काळाने लादलेली अवस्था आहे, आणि जी लादली गेली ती दूरही करता येते. अभिजात दर्जाचा कागद दिल्लीहून आला. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र वाशीम, कारंजा आणि पोहरादेवी येथील वर्गांतच व्हावयाचे आहे.