हाड जुळले, भीती राहिली

माझी आजी ७८व्या वर्षी अंगणात घसरून पडली. मनगटाचे हाड यथावकाश जुळले. पण त्यानंतर ती संध्याकाळी देवळात गेली नाही. “आता कशाला उठतेस? बसल्या जागी नामस्मरण कर,” असे आम्हीच तिला सांगत होतो. वर्षभरात तिला आधाराशिवाय खुर्चीतून उठता येईना. त्याला कारण मनगट नव्हते.

हालचालीने इजा होईल या अवाजवी भीतीला ‘कायनेसिओफोबिया’ म्हणतात. ही संज्ञा १९९० मध्ये मांडली गेली. ती मोजणाऱ्या टॅम्पा मापनश्रेणीत १७ विधाने असून गुण १७ ते ६८ असतात. भीतीमुळे हालचाल टळते, त्यामुळे स्नायू क्षीण होतात, तोल ढळतो आणि पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. भीती स्वतःच स्वतःला खरे ठरवते. उभे राहणे म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या आधारक्षेत्रावर क्षणोक्षणी सावरणे. हे कौशल्य सरावाविना टिकत नाही.

या चक्रात अध्यात्माचे स्थान कोणते? माझ्या मते ते दुहेरी आहे. देवळाची वाट, नमाजातील उठबस, गुरुद्वारातील सेवा यांतून श्रद्धा पायांना उठण्याचे कारण देते. तीच श्रद्धा ‘प्रारब्धच असे’ म्हणून अंथरुणाशी समेटही घडवते. म्हणून ‘श्रद्धाळू वृद्ध अधिक निरोगी’ अशा निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे. ज्याला चालता येते तोच देवळापर्यंत पोहोचतो. मग देवळामुळे पाय टिकले, की पाय टिकल्यामुळे देऊळ टिकले? एकदाच केलेल्या पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागतो.

भारताकडे असे साधन आहे. ‘लासी’ या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि (कोणत्याही वयाचे) त्यांचे जोडीदार मिळून ७२,०००हून अधिक लोक सहभागी झाले. त्यात पकडीची ताकद, तोल आणि चालण्याचा वेगही मोजला गेला. पुढील फेऱ्यांत या मोजमापांच्या जोडीला हालचालीची भीती मोजावी. आणि श्रद्धा किती आहे एवढेच न विचारता ती माणसाला घराबाहेर नेते की घरात बसवते, हेही विचारावे. भीतीवर उपचार शक्य आहेत. पण जे नोंदलेच जात नाही, त्यावर धोरण आखता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवतात. आपल्या घरात मात्र विश्रांती हीच माया समजली जाते. तेव्हा घरातील कोणी पडले, तर डॉक्टरांना ‘किती दिवस झोपून राहायचे?’ याबरोबरच ‘कोणती हालचाल केव्हा सुरू करायची?’ हेही विचारा. मग हात धरून देवळाच्या पायरीपर्यंत सोबत जा. नामस्मरण चालतानाही करता येते. आजीला हे सांगायला मला उशीर झाला.