रडलास तर काय झालं?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमचा मुलगा पाचवीत होता. शाळेतून आला तो दप्तर दारातच टाकून सरळ वर निघून गेला. रात्री जेवताना हळूच म्हणाला, "आई, आज मी टीचरसमोर रडलो." कारण साधंच होतं. अपूर्णांकाचं गणित बोर्डवर सोडवताना तो अडला, मागून दोघं हसली आणि याला रडू फुटलं.

मी काय केलं? आधी विचारलं, "सगळ्यांसमोर?" मग रात्री त्याच्या शिक्षिकेला ईमेल लिहिली: वर्गात व्यत्यय आला, माफ करा, तो जरा हळवा आहे, पुन्हा असं होणार नाही. पीएच.डी. करून, पंधरा वर्षं प्रयोगशाळेत घालवून मला सुचलं ते एवढंच. मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल माफी!

सकाळी उत्तर आलं. माफी कशासाठी, असं बाईंनी विचारलं होतं. तो रडला म्हणूनच त्यांना कळलं की दोन आठवड्यांपासून त्याला अपूर्णांक समजतच नव्हते आणि तो ते लपवत होता. हसणाऱ्या मुलांशी त्या बोलल्या होत्या. उत्तर वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती शरम.

कारण माझ्या ईमेलमधली भाषा माझी नव्हतीच. ती माझ्या शाळेतून आली होती. मीही पाचवीतच होते. पाढा चुकला म्हणून हातावर पट्टी बसली, डोळे भरले, आणि बाई सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "बघा, रडूबाई!" पट्टीचा वळ संध्याकाळपर्यंत गेला. ते नाव दहावीपर्यंत चिकटलं. मुलांना तर याहून वाईट ऐकावं लागे: "मुलीसारखा काय रडतोस?" एका वाक्यात मुलाचाही अपमान आणि मुलींचाही. आपल्यापैकी बहुतेकांनी आवाज न करता रडायचं शिक्षण शाळेतच घेतलं आहे.

आता थोडं विज्ञान. अश्रुग्रंथींवर आपली इच्छा चालत नाही. ज्या स्वायत्त मज्जासंस्थेमुळे हृदय धडधडतं आणि घाम येतो, तिचंच हे काम. "रड थांबव" हा हुकूम "घाम थांबव" इतकाच निरर्थक आहे. आणि रडणं बायकी असतं म्हणावं, तर लहान वयात मुलगे आणि मुली यांच्या रडण्यात फारसा फरक आढळत नाही. तो वाढतो बारा-तेरा वर्षांच्या सुमारास, म्हणजे मुलगे 'पुरुष' व्हायला शिकतात तेव्हा. त्यात हार्मोन्सचा वाटा असेलही, पण आपल्या टोमण्यांचाही असतोच.

आपल्याकडे याला उत्तर देणारा एक शिक्षक होऊन गेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत होते. ते स्वतः मुलांसमोर रडत, आणि मुलांच्या रडण्याची त्यांना लाज वाटत नसे. 'श्यामची आई'ला रडकं पुस्तक म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला तो हाच 'रडका' माणूस, आणि मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच त्याने उपोषण सोडलं. कोरड्या डोळ्यांचे कितीतरी कणखर लोक त्या वेळी घरीच बसले होते.

कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं; अमेरिकेत शाळा किती चांगल्या! मलाही तसंच वाटायचं. मी राहते त्या न्यू जर्सीत शाळेत मुलांना मारायला १८६७ सालापासून बंदी आहे. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली 'इन्ग्राहम विरुद्ध राइट' खटल्यात शाळेतली छडी घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. तो निकाल अजून कायम आहे, आणि डझनाहून जास्त राज्यांत सरकारी शाळांमधल्या मारावर आजही पूर्ण बंदी नाही. उलट भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मार आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. अंमलबजावणीची बोंब आहे, पण कायदा आहे.

आणि इथे रडण्यालाही रंग असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ऑर्लँडोत पहिलीतल्या सहा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने आकांत केला, शाळेतल्या लोकांना लाथा मारल्या. पोलिसाने तिचे हात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधले आणि तिला गाडीतून नेलं. ती रडून विनवत होती, ते पोलिसाच्याच कॅमेऱ्यात नोंदलं गेलं. त्या पोलिसाची नोकरी गेली. २०२१ साली फ्लोरिडाने तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला: सात वर्षांखालच्या मुलाला, गंभीर हिंसक गुन्हा सोडल्यास, अटक करायची नाही. असा कायदा करावा लागतो, यातच सगळं आलं. येल विद्यापीठात २०१६ साली बालवाडीच्या शिक्षकांना एक व्हिडिओ दाखवून "कोण दंगा करतंय ते शोधा" असं सांगितलं होतं. व्हिडिओत दंगा कुणीच करत नव्हतं. तरी शिक्षकांच्या नजरा कृष्णवर्णीय मुलग्यांवर जास्त वेळ खिळल्या. माझ्या मुलाच्या रडण्यात बाईंना न समजलेलं गणित दिसलं. दुसऱ्या कुणाच्या रडण्यात 'बिहेवियर प्रॉब्लेम' दिसला असता. डॉक्टर आई, चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट, 'हुशार इंडियन मुलगा' ही प्रतिमा, यांचं कवच त्याला मिळालं, हे मी नाकारू शकत नाही.

मग आपण काय करावं? मला उमगलं ते इतकं. मूल शाळेत रडलं असं कळलं, तर "सगळ्यांसमोर?" हे विचारू नये, "रडू येण्याआधी काय झालं?" हे विचारावं. गाडीत बसल्या बसल्या उलटतपासणी घेऊ नये. मुलाला आधीच एक वाक्य शिकवून ठेवावं: "मला दोन मिनिटं हवीत." पाणी प्यावं, श्वास हळू सोडावा, परत यावं. शिक्षिकेला लिहायचंच तर माफी मागू नये, तिने काय पाहिलं ते विचारावं. आणि रडणाऱ्या मुलाला वर्गात चिडवलं गेलं असेल, मग ते शिक्षकाने का असेना, तर गप्प बसू नये. "उगाच कशाला वाकडेपणा" ही आपली जुनी सवय आहे.

शेवटचं काम घराबाहेरचं आहे. स्कूल बोर्डाच्या बैठकीला आपण जातो ते गणिताच्या वरच्या वर्गासाठी. एकदा हेही विचारू या: आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये किती मुलांमागे एक काउन्सेलर आहे? अमेरिकेतल्या शालेय काउन्सेलरांची संघटना २५० मुलांमागे एक असावा असं म्हणते. शाळेतून सस्पेंड होणाऱ्यांत कोणत्या वंशाची मुलं किती? पोलिसांना कधी बोलावतात?

त्या रात्री मुलाला द्यायचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं. "रडलास तर काय झालं?" तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काही नाही. टीचरने परत शिकवलं."